प्रत्येकाला वेगळं विचारा

येत्या जनगणनेचा फॉर्म तुमच्या घरात कोण भरणार आहे? बहुतेक तुम्हीच. लाइट बिल भरायला, गावाला जायचं तिकीट काढायला, आजीचं आधार अपडेट करायला घरात ज्याच्याकडे फोन सरकवला जातो, त्याच्याकडेच हेही काम येणार. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणाऱ्या या जनगणनेत आपली माहिती आपणच ऑनलाइन भरायची सोय पहिल्यांदा मिळणार आहे. नावं, वयं, शिक्षण भराभर टाकून होईल. मग धर्माचा रकाना येईल. तिथे आपण काय करू? एकदा टाइप करू आणि बाकीच्यांना तेच लावून मोकळे होऊ. कॉपी, पेस्ट, नेक्स्ट.

२०११च्या जनगणनेत घरोघरी जाणाऱ्या प्रगणकांना एक सूचना दिलेली होती. कुटुंबप्रमुखाचा जो धर्म, तोच घरातल्या सगळ्यांचा असेल असं धरून चालू नका. एकाच घरात वेगवेगळे धर्म मानणारी माणसं असू शकतात, म्हणून प्रत्येकाबद्दल वेगळं विचारा. कुणी म्हणालं मला धर्म नाही, तर तसंच लिहून घ्या. सरकारी सूचनांची भाषा कोरडी असते, पण ही सूचना वाचून मी थांबले. कारण इतकी साधी गोष्ट आपल्या घरात सहसा कुणी करत नाही. तू काय मानतेस, हा प्रश्न मला बावीस वर्षांत नातेवाइकांपैकी एकानंही विचारलेला नाही. "आरतीला आहेस ना?" हा मात्र दरवर्षी विचारला जातो.

त्या जनगणनेत १२१ कोटींच्या देशात सुमारे २८ लाख ६७ हजार जणांच्या नावापुढे 'धर्म सांगितला नाही' अशी नोंद झाली. स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे निघाले जेमतेम ३३ हजार. एवढे लोक तर शनिवारी संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावरून सहज जात असतील. या आकड्यावरून देशात न मानणारे नाहीतच असा अर्थ कुणी काढला तर काढो. मला त्यात दार उघडणारे बाबा दिसतात. त्यांनी चहा विचारला, खुर्ची दिली आणि पाचही जणांचं उत्तर एका दमात देऊन टाकलं.

हजेरी लागते, मत राहतं

लालबाग-परळची घरं ज्यांनी आतून बघितली आहेत, त्यांना यातली अडचण लगेच कळेल. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. त्यात स्वयंपाकाचा ओटा, कपाट, पलंग, भिंतीवर देव आणि पाच-सहा माणसं. इथे कुणी म्हणालं, "मला पूजेत बसायचं नाही, मी दुसऱ्या खोलीत जातो," तर दुसरी खोली आहे कुठे? फार तर कॉमन गॅलरीत जाता येतं. तिथे शेजारच्या काकू लगेच विचारतात, "काय रे, बाहेर का? भांडण झालं का?" म्हणजे न मानणं ही खाजगी गोष्ट राहतच नाही. ती अख्ख्या मजल्याची बातमी होते. मग मुलं सोपा मार्ग काढतात. टाळ्या वाजवायच्या, प्रसाद घ्यायचा, फोटोत उभं राहायचं, आणि मनातलं मनात ठेवायचं.

यात सगळंच ढोंग आहे असं मला वाटत नाही. आजीला बरं वाटावं म्हणून तिच्यासोबत आरतीला उभं राहणं हे प्रेमच आहे. माझ्या ओळखीतला एक मुलगा देव मानत नाही, पण गणपतीच्या आदल्या रात्री मखर बांधायला सगळ्यात शेवटपर्यंत तोच जागतो. त्याला ते काम आवडतं, मित्र आवडतात, तो उजेड आणि तो वास आवडतो. त्याला कुणी दांभिक म्हणू नये. प्रश्न वेगळा आहे. त्याच्या हजेरीचा अर्थ घर परस्पर लावून टाकतं. पुढे लग्न ठरतं, पत्रिका जुळवायला निघते, घरात कुणी वारतं, तेव्हा घर म्हणतं, "आत्तापर्यंत तर सगळं करत होतास, आता अचानक काय झालं?" अचानक काहीच झालेलं नसतं. आत्तापर्यंत त्याला कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.

फुटलेली यादी

लपवून ठेवायची ही रीत आपल्या पिढीनं शोधलेली नाही. १८४९च्या सुमारास याच मुंबईत परमहंस सभा नावाची एक मंडळी होती. शिकलेली, इंग्रजी वाचणारी, तरुण माणसं. दादोबा पांडुरंगांसारखे व्याकरणकार त्यात होते. जातिभेद मानायचा नाही असं ठरलेलं, आणि सभासद व्हायचं तर परधर्मीयानं भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. पण हे सगळं गुपचूप. घरी गेल्यावर पुन्हा सोवळंओवळं, पुन्हा पंगतीची शिस्त, जणू काही घडलंच नाही. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. पोलीस मागे लागले नव्हते की तुरुंगाची भीती नव्हती. घरच्यांना आणि जातवाल्यांना कळेल, एवढी एक भीती पुरली.

त्यानंतर ३१ मार्च १८६७ला दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघडपणे, नाव लावून. आज गिरगावात बसमधून उतरताना आपण 'प्रार्थना समाज' असं म्हणतो, तो हाच. मला त्या दोन संस्थांमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं. मतं दोन्हीकडे बरीचशी जवळची होती. एक चोरून चालली आणि यादी फुटताच संपली. दुसरीचं नाव रस्त्याला, स्टॉपला लागलं. आज आपले व्हॉट्सअ‍ॅपचे 'क्लोज फ्रेंड्स' ग्रुप थोडेफार परमहंस सभेसारखेच आहेत. तिथे आपण एकदम बिनधास्त असतो आणि फॅमिली ग्रुपवर सकाळी फुलांच्या फोटोला हात जोडतो. आपली यादीही एक दिवस फुटते. बहुतेक वेळा ती मावसभावाच्या स्क्रीनशॉटमधून फुटते.

परळमधला एक प्रश्न

पण प्रश्न विचारला आणि समोरच्यानं नीट उत्तर दिलं, असंही घडलेलं आहे. तेही याच भागात.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. तेव्हा कुटुंब परळला चाळीत राहत होतं. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी, घरात भजनं, पोरांकडून रामायण-महाभारताचं वाचन करून घेणारे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाशी ओळख झालेल्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. पुस्तक वाचून मुलाला प्रश्न पडला आणि त्यानं तो थेट वडिलांना विचारला. तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत का वाचायला लावता? हे बुद्धाचं का नाही दिलंत? त्या ग्रंथांमधल्या कित्येक पात्रांचं वागणं आपल्याला पटत नाही, हेही त्यानं सांगून टाकलं.

रामजींनी कान उपटले असते तर त्या काळात कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी कारण सांगितलं. आपण अस्पृश्य, त्यामुळे मनात कमीपणा घर करण्याची भीती. द्रोण, कर्ण अशी साधी माणसं केवढ्या उंचीला पोचली ते बघा, वाल्मीकी कोण होते आणि काय झाले ते बघा, म्हणून हे ग्रंथ वाचायचे. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही आठवण दिली आहे. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य होतं पण आपलं समाधान झालं नाही, असं ते सांगतात.

वडिलांचं मत बदललं नाही, मुलाचंही नाही. घर मोडलं नाही. आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, त्या मुलाला वडिलांचं उत्तर कारणासकट आठवत होतं. 'आमच्या घरात असं चालत नाही' एवढंच रामजी म्हणाले असते, तर लक्षात ठेवण्यासारखं त्यात काय होतं?

त्याच घरातली दुसरी गोष्ट रमाबाईंची. उपास-तापास करणाऱ्या, विठ्ठलाच्या दर्शनाची ओढ असलेल्या. त्यांना पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेबांनी त्यांच्या भक्तीची टिंगल केली नाही. ज्या देवळात आपल्याला आत घेत नाहीत तिथे बाहेरून परतण्यापेक्षा आपण दुसरी पंढरी उभी करू, असं त्यांनी समजावल्याचं चरित्रांमध्ये आहे. २७ मे १९३५ला दादरच्या राजगृहात रमाबाई गेल्या. त्यानंतर पाचच महिन्यांत, १३ ऑक्टोबरला, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. नवऱ्याचा मार्ग बरोबर होता, हे इतिहासानं दाखवलं. तरी त्या बाईची इच्छा राहिली ती राहिलीच. घरातल्या एकाचं खरं ठरलं म्हणून दुसऱ्याचं दुःख खोटं ठरत नाही, हे आपण मतांच्या भांडणात फार लवकर विसरतो.

बातमी म्हणून कळलेली गोष्ट

प्रश्नच विचारला गेला नाही तर काय होतं, ते बघायला टिळकांच्या घरी जावं लागेल. हे टिळक म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. पुढची दोन वर्षं त्यांच्या मनात काहीतरी शिजत होतं. घरात कुणकुण होती, पण समोरासमोर बसून सगळं बोलणं झालं नाही. १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांत होत्या. त्यांच्यापर्यंत हा निर्णय पोचला तो बातमी म्हणून.

लक्ष्मीबाईंचं बालपण ज्या घरात गेलं, तिथे वडिलांचं सोवळं इतकं कडक होतं की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतलं जाई. अशा घरातल्या बाईचा नवरा ख्रिस्ती झाला. पदरात लहान मुलगा, पुढचं काही ठरलेलं नाही. कुणाच्या तरी घरी आश्रितासारखं राहायचं, लोकांची बोलणी ऐकायची, आणि ज्या निर्णयात आपल्याला कुणी विचारलं नाही त्याची किंमत रोज भरायची. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं त्यांनी लिहिलं आहे, आणि कमाल म्हणजे हसत-हसवत लिहिलं आहे. १९३४ पासून भागाभागानं आलेलं हे पुस्तक अजून वाचलं नसेल तर वाचाच. आपल्या आजच्या कितीतरी रीलपेक्षा त्यात जास्त पंचेस आहेत.

पुढे दोघं पुन्हा एकत्र आली. तो ख्रिस्ती, ती हिंदू, छप्पर एक. तिचं पाणी आणि चूल वेगळी. 'आता तूही बाप्तिस्मा घे' अशी सक्ती टिळकांनी केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या वेळेला आणि आपल्या मनानं. टिळकांचं धर्मांतर चूक की बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. तो त्यांचा हक्क होता. पण १८९५ला जे बोलायला हवं होतं, ते न बोलल्यामुळे पहिली वर्षं तुटली. आणि नंतर प्रत्येकाला आपापला वेळ दिल्यामुळे संसार पुन्हा जुळला. एकाच जोडप्याच्या आयुष्यात दोन्ही धडे आहेत.

सुनेचं कुलदैवत

धर्म बदलला तर निदान गोंधळ तरी होतो. धर्म तोच असेल तर बाईला विचारायची गरजच वाटत नाही. मुलगी माहेरी जेजुरीला जाणारी असते. लग्न होतं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं कुलदैवत तुळजापूरचं होतं. कुणाला प्रश्न पडत नाही, कित्येकदा तिलाही नाही. तिचा वार बदलतो, उपास बदलतो, नैवेद्याचं पान वाढायची पद्धत बदलते. माहेरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असेल आणि सासरी पुरणाचा, तर तिनं जुनं विसरायचं. आणि तिची श्रद्धा बेताचीच असेल, तरी पहाटे उठून सगळा स्वयंपाक तिनंच करायचा.

घराघरातल्या धार्मिक मतभेदांवर चर्चा झाली की बहुतेक वेळा बाबा आणि मुलगा भांडताना दिसतात. एकजण म्हणतो देव आहे, दुसरा म्हणतो नाही. या वादात दोघांनाही मोदक मिळतात. ते वळणारी आई काय मानते, हे दोघांपैकी एकानंही विचारलेलं नसतं. म्हणून 'आमच्या घरात सगळ्यांना मोकळीक आहे' असं कुणी म्हणालं की मी मनात एकच प्रश्न विचारते. ती मोकळीक ओट्यापर्यंत पोचते का?

दुसऱ्या बाजूचंही बोलायला हवं. स्वतःला पुरोगामी म्हणवणारी आपली पिढी घरात काही कमी दादागिरी करत नाही. आजीच्या पोथीचे मीम करायचे, आईच्या उपासावर रोज कमेंट मारायची, 'तुला काही कळत नाही' असं सुनावायचं. सत्तरीच्या बाईला एका दुपारी नास्तिक करून सोडायचा हट्ट आणि सोळाच्या मुलीला जबरदस्तीनं व्रत धरायला लावायचा हट्ट, दोन्हींत समोरच्याला विचारायचं राहूनच जातं.

आणि काही वेळा आपल्याला जे नुसतं 'सेलिब्रेशन' वाटतं, ते दुसऱ्यासाठी आयुष्यभराची गोष्ट असते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीची पूजा न करण्याची प्रतिज्ञा आहे. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी लाखभर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. नायगाव-परळच्या कितीतरी घरांतले देव त्या दिवसांत विसर्जित झाले. ज्या आजीनं ते पाहिलं, सोसलं, त्या आजीचा नातू आज मंडळाचा टी-शर्ट घालून ढोलाच्या मागे नाचतो. नातवाला वाटतं, मित्रांसोबत नाचलो तर काय बिघडलं? आजीला वाटतं, आम्ही एवढं कशासाठी सोडलं? दोघांचं खरं आहे. पण त्यांच्यात हे बोलणं होत नाही. आजी टीव्हीचा आवाज वाढवते आणि नातू मागच्या दारानं निघून जातो. २०११च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात आहेत. म्हणजे हे न होणारं बोलणं काही एखाद-दुसऱ्या घरातलं नाही.

माळकऱ्याचं पातेलं

मग करायचं काय? मला वाटतं, उत्तर आपल्या चाळींना आधीच माहीत आहे. आपण ते भलत्याच ठिकाणी शोधतो.

कोकणातून गिरणगावात आलेल्या कितीतरी घरांत एक तरी माळकरी असतो. बाकी घर बुधवारी-रविवारी मासळी खाणारं. आजोबांनी मात्र तुळशीची माळ घातली आणि त्यांचं वशाट सुटलं. मग काय झालं? घरानं मासळी सोडली नाही आणि आजोबांवर कुणी जबरदस्ती केली नाही. त्यांचं पातेलं वेगळं झालं. बांगडे तळायच्या आधी त्यांची भाजी होते, चमचा इकडचा तिकडे जात नाही, आणि आषाढीला सगळं घर त्यांच्यासाठी शाबूदाण्याची खिचडी खातं. त्यांना 'सिद्ध कर' म्हणून कुणी वादात ओढत नाही. ते 'तुम्ही पापी' म्हणून कुणाला हिणवत नाहीत. हे सगळं १६० चौरस फुटांत चालतं.

माळकऱ्याला जी सोय मिळते, ती न मानणाऱ्या नातवाला का मिळू नये? ख्रिस्ती सुनेला का मिळू नये? सासरी आल्यावरही जेजुरीचीच राहू इच्छिणाऱ्या मुलीला का मिळू नये? आजोबांना एक फायदा होता. त्यांच्या गळ्यात माळ होती, त्यांनी उघडपणे सांगितलं होतं. म्हणजे जबाबदारी दोन्हीकडे आहे. घरानं विचारायचं आणि आपण सांगायचं. टोमण्यात नाही, स्टेटसवर नाही, समोर बसून सांगायचं.

राज्यघटनेचं २५वं कलम सद्सद्विवेकबुद्धीचं आणि धर्म मानण्याचं स्वातंत्र्य देतं, ते 'व्यक्तींना' देतं. कुटुंबाला, कुळाला, आडनावाला देत नाही. १९५४चा विशेष विवाह कायदाही याच समजुतीवर उभा आहे. दोघांनी आपापला धर्म न सोडता लग्न करावं, त्यासाठी आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी. पण या कायद्यानं लग्न केलेल्या जोडप्याला घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो, "मग बदलणार कोण?" कायद्याला जे बदलायची गरज वाटली नाही, ते नातेवाइकांना वाटते.

देव्हारा कुठे लावायचा?

हे सगळं आत्ताच बोलायचं एक कारण आहे. आपल्या भागातली घरं बदलत आहेत. बीडीडीच्या १६० फुटांतून लोक ५०० फुटांच्या फ्लॅटमध्ये जायला लागले आहेत. लालबाग-परळच्या कितीतरी चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. चावी मिळाली की पहिला वाद टाइल्सचा आणि दुसरा देव्हाऱ्याचा. हॉलमध्ये की स्वयंपाकघरात? बुद्धमूर्ती कुठे, बाबांचे गुरू कुठे, आणि ज्याला काहीच नको त्याची भिंत कुठली? जुन्या खोलीत जागा नव्हती म्हणून कुणाला विचारायचा प्रश्नच येत नव्हता. आता दुसरी खोली आहे, दाराला कडी आहे. जागा मिळाली तरी विचारायची सवय लागली नाही, तर वेगळ्या खोल्यांमध्ये गप्प बसलेली माणसं तेवढी तयार होतील.

म्हणून हा प्रश्न प्रसंग अंगावर यायच्या आधी विचारा. लग्नाचा हॉल बुक करायच्या आधी विचारा, कारण अक्षता पडताना मत मांडता येत नाही. फर्निचरवाल्याला देव्हाऱ्याचं माप द्यायच्या आधी विचारा. आणि अवघड वाटलं तरी, आपल्या माघारी काय करावं आणि काय करू नये, हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आपलंही सांगून ठेवा. घरात माणूस गेल्यावर जे कानात कुजबुजलं जातं, त्यात सगळ्यात मोठा आवाज असणाऱ्याचंच चालतं. गेलेल्याची इच्छा काय होती, ते कुणालाच ठाऊक नसतं.

आणि जनगणनेचा फॉर्म तुमच्या हातात आला की थोडा वेळ काढा. आजी, आई, वहिनी, धाकटा भाऊ, एकेकाला बाजूला घेऊन विचारा, "तुझ्या नावापुढे काय लिहू?" काहीजण हसतील, काहीजण 'हे काय विचारणं झालं' म्हणतील. पाचपैकी पाचजण तेच उत्तर देतील, अशीही शक्यता आहे. मग तेच लिहा, त्यात काहीच वाईट नाही. पण निदान ते त्यांचं स्वतःचं उत्तर असेल. आणि एखादी आई जरा थांबून म्हणेल, "मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं." तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत नेक्स्ट दाबू नका.